सोनिदो मोलिनोची चाल

शंकरराव गजभिये यांचं दुकान शिकागोच्या अठराव्या रस्त्यावर होतं. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला न्हावी आणि मध्ये रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं हे दहा फूट रुंदीचं दुकान. आधीचा मालक म्हातारा झेक गृहस्थ होता. पिल्सेन ही आजूबाजूची वस्तीच मुळात झेक लोकांची. ते हळूहळू उपनगरांकडे गेले आणि त्यांच्या घरांत मेक्सिकोहून आलेली कुटुंबं राहायला आली. मालकाने गुडघ्यांमुळे काम सोडलं, तेव्हा त्याने दुकान आपल्याकडच्या कारागिराला, म्हणजे शंकररावांना, भाड्याने दिलं. ही गोष्ट १९७९ची.

शंकरराव मूळचे नागपूरचे, इंदोऱ्याचे. तिथे त्यांची लाउडस्पीकर सर्व्हिस होती. लग्न, सभा, बुद्धजयंती, काहीही असो, शंकरराव कर्णे बांधायला हजर. दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात लाखो माणूस जमायचा, त्यातल्या एका कोपऱ्याची जबाबदारी त्यांच्याकडे असे. मोठी भाषणं तर सगळे ऐकतच, पण शंकररावांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे असायचं. 'उमरेडचे अमुक तमुक, तुमची माणसं पाण्याच्या टाकीजवळ वाट बघत आहेत,' ही सूचना शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला स्पष्ट ऐकू गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आवाज मोठा असून भागत नाही, तो खरा असला पाहिजे, असं ते म्हणत.

१९७६ मध्ये ते पत्नी कांताबाईंबरोबर अमेरिकेत आले. कांताबाईंचे थोरले भाऊ इथे डॉक्टर होते, त्यांनी बोलावून घेतलं. मराठी माणसांमध्ये शंकररावांची ओळख झाली ती रेकॉर्ड प्लेअरमुळे. भारतातून येताना लोक हौसेने आपला प्लेअर आणत आणि इथे तो लावला की गाणं पळत सुटे. तिकडची वीज पन्नास सायकलची, इकडची साठ. मोटर तेवढीच जोरात फिरणार. नेपरव्हिल उपनगरातल्या अतुल देवस्थळींनी आपला प्लेअर आणून दिला, तेव्हा ते अगदी रडकुंडीला आले होते.

"शंकरराव, अहो, एवढा भारदस्त गाणारा माणूस, तो चिमणीसारखा चिवचिव करतोय! ट्रान्सफॉर्मरपण लावून झाला."

"ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, सायकल नाही. पुली बदलावी लागेल."

मोटरच्या दांड्यावर एक बोटाच्या पेराएवढी पितळी पुली असते. तिच्या जाडीवर तबकडीचा वेग ठरतो. पुली बारीक केली की तबकडी सावकाश, जाड बसवली की जलद. शंकररावांकडे खुणांची एक गोल चकती होती. ती फिरत्या तबकडीवर ठेवायची, वर दिवा धरायचा. वेग बरोबर असेल तर खुणा जागच्या जागी उभ्या दिसतात. मिनिटाला तेहतीस फेऱ्या आणि वर एक तृतीयांश. त्यात तसूभर फरक त्यांना चालत नसे. नेपरव्हिलपासून शहरातल्या डेव्हन ॲव्हेन्यूपर्यंत त्यांनी असे पंचवीसेक प्लेअर ताळ्यावर आणले होते.

याच अचूकपणाने १९८४च्या जूनमध्ये त्यांना गोत्यात आणलं.

कांताबाई एका गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात पॅकिंगच्या पट्ट्यावर कामाला होत्या. त्यांच्या शेजारी उभी राहणारी बाई म्हणजे दोन्या आंपारो. मेक्सिकोतल्या पुएब्ला प्रांतातली, पन्नाशीची, ठेंगणी, बोलकी. कांताबाईंना स्पॅनिश येत नव्हतं, आंपारोला मराठी येत नव्हतं आणि इंग्रजी दोघींचं बेताचंच. तरी आठ तास दोघींच्या गप्पा चालत. या आंपारोचा नवरा डॉन सेल्सो; दोन्या आणि डॉन ही तिकडची आपल्या बाई-रावांसारखी आदराची संबोधनं. त्याच्या बापाची गावी पिठाची गिरणी होती, म्हणून त्याच्या साउंड सिस्टीमचं नाव 'सोनिदो मोलिनो'. मोलिनो म्हणजे गिरणी. सोनिदो म्हणजे आवाज आणि तो वाजवणारा ताफासुद्धा. एक टर्नटेबल, एक ॲम्प्लिफायर, माणसाएवढ्या उंचीचे चार स्पीकर आणि एक माइक, एवढा डॉन सेल्सोचा नऊ वर्षांचा संसार. रस्ता बंद करून दुपारपासून तो कुंबियाच्या, म्हणजे तिकडच्या नाचगाण्यांच्या, रेकॉर्ड लावायचा आणि अख्खी गल्ली नाचायची.

शंकररावांना त्यातली चिठ्ठ्यांची रीत फार आवडली होती. नाचणारी माणसं कागदाच्या कपट्यांवर निरोप लिहून वर देत. डॉन सेल्सो गाणं चालू असतानाच माइकवर ते वाचून दाखवी. 'अठराव्या रस्त्यावरच्या मोरालेस कुटुंबाचा सान मातेओमधल्या आजीला नमस्कार! तिचा नातू फाउंड्रीत कायम झाला!' या सगळ्याची टेप व्हायची आणि कॅसेट पोस्टाने गावाला जायची. तिथे ती चौकात वाजायची. गावात माणूस आपलं नाव येईपर्यंत थांबे आणि नाव आलं की नाचे.

दुसरी रीत मात्र त्यांना कधी पटली नाही. डॉन सेल्सोच्या रेकॉर्डवर एकही लेबल नव्हतं. गाण्याचं नाव दुसऱ्या सोनिदोवाल्याला कळू नये म्हणून त्याने सगळी लेबलं खरवडून काढली होती. कुठली रेकॉर्ड कुठली, हे त्याला एकट्यालाच ठाऊक. रेकॉर्डची पत्र्याची पेटी तो आंपारोलाही उघडू देत नसे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, डॉन सेल्सोने आपलं टर्नटेबल दुकानात आणलं.

"मायेस्त्रो, यातून घरघर येते. रविवारी सान हुआनचा सण आहे. गुरुवारपर्यंत होईल?"

दुकानामुळे शंकररावांना कामापुरतं स्पॅनिश येत होतं; त्या वस्तीत कसबी कारागिराला मायेस्त्रो म्हणत. शंकररावांना ही हाक आवडायची. मराठी मंडळींच्या समारंभात त्यांची ओळख 'कांताचे मिस्टर, रेडिओ रिपेअर करतात' एवढ्यावर आटपत असे.

"होईल. एवढी घाई काहून?"

डॉन सेल्सोने सगळं सांगितलं. रीगो नावाच्या एका तरुणाने नवा सोनिदो काढला होता. जपानी टर्नटेबल, बारा स्पीकर, रंगीत दिवे. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं होतं, की सान हुआनच्या दिवशी दोघांनीही वाजवायचं, गल्लीच्या दोन टोकांना, पाळीपाळीने अर्धा अर्धा तास. माणसं ज्याच्या टोकाला नाचतील, त्याच्याकडे गल्लीचे पुढचे सगळे सण आणि लग्नं.

"आणि तुमच्याकडे नाही आलं तर?"

"तर विकून टाकीन. गल्लीच नाही तर सोनिदो कोणासाठी ठेवायचा?"

शंकररावांनी टर्नटेबल खोललं. घरघर सापडायला वेळ लागला नाही. चाकावरचं रबर दगडासारखं झालं होतं. ते बदललं. मग सवयीने चकती ठेवून दिवा धरला, तर खुणा मागे मागे पळताना दिसल्या. तबकडी फारच सावकाश फिरत होती. पुली पाहिली. झिजून, खरवडून पार बारीक झालेली. शंकरराव हळहळले. बिचारा नऊ वर्षं या पुलीवर गाणी वाजवतोय आणि कोणी त्याला सांगितलं नाही! कपाटात या जातीची एकच पुली शिल्लक होती. ती बसवली, चकतीवर खुणा स्थिर केल्या आणि जुनी पुली भंगाराच्या डब्यात टाकली. या वाढीव कामाबद्दल काही बोलायचं नाही, आपल्याकडून सणाची भेट, असंही मनात ठरवलं. गुरुवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली. दुपारी डॉन सेल्सो टर्नटेबल घेऊन गेला.

शुक्रवारी चार वाजता तो परत आला. दार एवढ्या जोरात उघडलं की काउंटरवरचा एक नॉब घरंगळत खाली गेला.

"काय केलंस तू?"

आजवर दोघं एकमेकांशी अदबीनेच बोलत आले होते. शंकररावांच्या हातातली सोल्डरिंग गन तशीच राहिली.

"घरघर राहिली का?"

"घरघर गेली! माझी चालपण गेली! गाणं पळतंय. रीगोचं वाजतं तसं वाजतंय. कोणाच्याही घरी वाजतं तसं!"

"पण ते बरोबर आहे," शंकरराव म्हणाले. त्यांनी चकती काढून दाखवली, खुणा दाखवल्या. "आधी चुकीचं होतं. तुमची पुली झिजली होती."

"झिजली नव्हती! मी कानशीने घासली होती. या हातांनी. कुठेय ती?"

शंकररावांनी भंगाराच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. डॉन सेल्सोनेही पाहिलं. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. मग उठला आणि निघून गेला. मायेस्त्रो म्हणालाच नाही.

घरी शंकररावांनी कांताबाईंना सगळं सांगितलं. आपलं कुठे चुकलं हे त्यांना अजून नीटसं उमजलं नव्हतं.

"मला एक सांग, गाणाऱ्याने ज्या वेगाने म्हटलं त्या वेगाने ऐकण्यात वाईट काय आहे?"

कांताबाई पाय गरम पाण्यात सोडून बसल्या होत्या. "तुम्ही एक दिवस आमच्या पट्ट्यापाशी उभे राहा," त्या म्हणाल्या. "सुपरवायझर बटन दाबतो का पट्टा पळते. आपले हात त्याच्यामागं पळतात. आठ घंटे. आंपारो म्हणते, सुट्टीच्या दिवशी मी मशीनच्या चालीनं नाचणार नाही, माझ्या चालीनं नाचीन. म्हणून नवऱ्यानं तिच्यासाठी गाणं सावकाश केलं. ती नाचायची, 'अजून फास्ट आहे' म्हणायची, तो घासायचा. सारी गल्ली तिथं काहून जाते मग? साऱ्या कारखान्यातल्याच तर आहेत."

"हे तू मला आधी कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं? तुम्हाला घरघर दिसली का बाकी काही दिसत नाही."

दुरुस्तीच्या आधी वेग मोजून लिहून ठेवायचा, हा साधा नियम शंकररावांनी मोडला होता. चूक म्हणजे चूकच, ती नोंदायची कशाला, असं त्यांना वाटलं होतं. नवी बसवलेली पुली घासता आली असती. पण कुठवर घासायची? माप कचऱ्याच्या गाडीतून गेलं होतं. शिवाय पितळ एकदा जास्त घासलं की परत भरता येत नाही.

कपडे बदलता बदलता त्यांना उपाय सुचला. शनिवारी सकाळी नऊ वाजता ते डॉन सेल्सोच्या दारात उभे राहिले. हातात हत्यारांची पेटी आणि स्टॉपवॉच. सोबत कांताबाई, कारण एकट्यांसाठी दार उघडलं जाईल याची खात्री नव्हती.

दार आंपारोने उघडलं. डॉन सेल्सो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"तुमच्याकडे तुमच्या नाचाची एखादी जुनी कॅसेट आहे का?" शंकररावांनी विचारलं. "कॅसेटवरचं गाणं जुन्या चालीचं. तेच गाणं रेकॉर्डवर आता खऱ्या चालीने वाजेल. दोन्हींना किती वेळ लागतो ते मोजलं, की पुली किती घासायची ते कळेल."

डॉन सेल्सोने आता वर पाहिलं. "कॅसेट सगळ्या गावाला जातात."

"एक आहे," आंपारो म्हणाली. "पहिल्या वर्षाची. माझ्या बहिणीचं नाव वाचायचं राहिलं होतं, म्हणून मी ती पाठवलीच नाही."

"बहिणीशी तेव्हापासून बोलत नाही," डॉन सेल्सो म्हणाला.

"ती माझ्याशी बोलत नाही!"

कॅसेट मिळाली. ज्या रेकॉर्डरवर ती भरली होती, तोही घरात होता. कॅसेटवर डॉन सेल्सोचा आवाज लागला तेव्हा शंकररावांनी कान देऊन ऐकला. आवाज हुबेहूब तोच होता, म्हणजे यंत्राचा वेग बदललेला नव्हता. त्यांना बरं वाटलं.

"आता यातलं तिसरं गाणं कुठल्या रेकॉर्डवर आहे ते काढा."

डॉन सेल्सो हलला नाही. पत्र्याची पेटी त्याच्या खुर्चीखाली होती आणि त्याचा पाय तिच्यावर.

"सेल्सो," आंपारो म्हणाली.

"रीगोचा काका याच्याच दुकानात टीव्ही आणतो."

शंकररावांना राग यायला हवा होता, पण कालचं सगळं आठवून त्यांनी तो गिळला. "डॉन सेल्सो, मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तुम्हीच काढा, तुम्हीच लावा. मला फक्त 'सुरू' म्हणा."

ते खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले, पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात स्टॉपवॉच. कांताबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "शाळेत शिक्षा झाल्यावानी बसले पाहा!" आंपारोला भाषा कळली नाही, पण तीही हसली. दोन मिनिटांनी डॉन सेल्सोच उठला. शंकररावांची खुर्ची धरून त्याने टेबलाकडे वळवली आणि पेटी त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

पहिल्या ढोलाच्या थापेपासून ट्रम्पेट दुसऱ्यांदा येईपर्यंत रेकॉर्डवर दोन मिनिटं पाच सेकंद लागले. कॅसेटवर दोन मिनिटं वीस सेकंद. आणखी दोन गाण्यांवर तपासलं, प्रमाण तेच आलं. शंकररावांनी कागदावर गणित मांडलं. तबकडी मिनिटाला तीस फेऱ्यांपेक्षा जराशी कमी हवी होती. त्यांनी मोटर चालू करून फिरत्या पुलीला कानस लावली. पितळेचा बारीक भुगा वर्तमानपत्रावर पडू लागला. दर थोड्या वेळाने थांबायचं, तबकडीवर कागदाचा तुकडा चिकटवून मिनिटभर फेऱ्या मोजायच्या, पुन्हा घासायचं. साडेअकराला आकडा जुळला. शंकररावांनी घाम पुसला.

"झालं. अगदी बरोबर."

डॉन सेल्सोने रेकॉर्ड लावली. आंपारो स्वयंपाकघराच्या मध्यभागी आली, चार पावलं नाचली आणि थांबली.

"फास्ट आहे."

"शक्य नाही," शंकरराव म्हणाले. "कॅसेटबरहुकूम आहे."

"कॅसेटमधली आंपारो नऊ वर्षांनी लहान आहे," ती म्हणाली.

डॉन सेल्सो खाली बघायला लागला. मग त्याने कबूल केलं, की दर वर्षी सान हुआनच्या आधी आंपारो म्हणायची, थोडं अजून, आणि तो थोडी अजून घासायचा. किती? त्याने कधी मोजलं नव्हतं. तिचे पाय सांगतील तितकी.

शंकररावांनी कागदाकडे पाहिलं. गणितात एकही चूक नव्हती आणि ते उपयोगाचंही नव्हतं. दुसरी पुली गावात कुठे मिळणार नव्हती. इथून पुढे प्रत्येक घासणं अंदाजाचं, आणि एक चुकलं की उद्याचा सण गेला.

"तुम्ही घासा," ते कानस पुढे करत डॉन सेल्सोला म्हणाले. "तुमच्या हाताला माहीत आहे."

"माझा हात थरथरतो आता. वर्षभर आधीपर्यंत ठीक होता." डॉन सेल्सोने कानस परत त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच. पण आकडे बघू नका, हिच्याकडे बघा."

मग शंकररावांनी कागद घडी करून खिशात टाकला. एक हलका हात मारायचा, गाणं लावायचं, आंपारोच्या पायांकडे बघायचं. ती मान हलवायची. पुन्हा एक हात. तिसऱ्या खेपेला तिने कांताबाईंना ओढलं.

"मला नाही येत गं बाई!"

"पट्ट्यावर येतं, इथे येत नाही?" आंपारो इंग्रजीत म्हणाली.

कांताबाई साडी सावरत उभ्या राहिल्या. सहाव्या खेपेला गाणं असं काही बसलं, की ट्रम्पेट जांभई दिल्यासारखा लांबला आणि ढोल दोन पावलांच्या बरोबर मध्ये पडू लागला. आंपारोने मान हलवली नाही. ती नाचतच राहिली. कांताबाईही चुकत नव्हत्या. शंकररावांनी कानस खाली ठेवली. आणखी एक हात मारावा का, असा क्षणभर मोह झाला होता, तो त्यांनी टाळला.

रविवारी दुपारी दोन वाजता गल्लीच्या दोन्ही टोकांना लाकडी अडथळे लागले. रीगोची पाळी आधी होती. त्याचे बारा स्पीकर दणाणले आणि सगळी पोरं-पोरी त्या टोकाला धावली. अर्ध्या तासाने मोलिनोची पाळी आली. शंकरराव टर्नटेबलच्या मागे मोटरजवळ उभे होते. डॉन सेल्सोने सुई ठेवली. पहिल्या गाण्याला बायकांच्या चार जोड्या आल्या, दुसऱ्याला दहा. कोणी चालीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांना काही वेगळं झाल्याचं जाणवलंच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत रीगोची पाळी सुरू झाली तरी मोलिनोच्या टोकाची मंडळी तिकडे जाईनात. बसून सरबत पीत राहिली. तिसऱ्या फेरीला रीगो स्वतः गल्ली ओलांडून आला, रंगीत शर्ट, गळ्यात हेडफोन. त्याची आई डॉन सेल्सोच्या स्पीकरसमोर नाचत होती.

"ममा, माझ्याकडे चल ना! लोक काय म्हणतील?"

"तुझं गाणं फोरमनच्या घाईचं आहे बाळा," ती नाचता नाचता म्हणाली. "आज रविवार आहे. संध्याकाळी जेवायला ये."

आजूबाजूच्या बायका खळखळून हसल्या. रीगोने टर्नटेबलकडे नीट पाहिलं, तबकडीकडे पाहिलं आणि शंकररावांना विचारलं, "ही किती फेऱ्यांवर आहे?"

"मोजलं नाही," शंकरराव म्हणाले. ते खरंच होतं.

सहा वाजता शेजारच्या बेकरीवालीने, कोण कोणाच्या बाजूने ते ठरवायला, हात वर करायला सांगितलं. मोजायची गरज पडली नाही. सण आणि लग्नं मोलिनोकडे राहिली. पोरांच्या शाळेनंतरच्या नाचासाठी रीगोला रस्ता द्यायचा, असं त्याच वेळी ठरलं आणि डॉन सेल्सोने त्याला हरकत घेतली नाही. मग त्याने माइक हातात घेतला. समोर चिठ्ठ्यांचा ढीग होता. सगळ्यांत आधी त्याने आंपारोच्या बहिणीचं नाव वाचलं, दोनदा, सावकाश. त्यानंतर शंकररावांकडे वळून विचारलं, "मायेस्त्रो, तुमचं गाव कुठलं? नीट सांगा, मला चुकायचं नाही."

"नागपूर," शंकरराव म्हणाले, आणि माइक तोंडाशी नेण्याआधी डॉन सेल्सोने ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.